कोर्दोबात पाऊस

मुलगा स्पेनला गेला तेव्हा कोर्दोबा हे नाव माझ्या जिभेवर बसेना. मी ‘करडोबा’ म्हणायचे, खंडोबाचा धाकटा भाऊ असल्यासारखं. तो आधी हसायचा, मग माझं ऐकून ऐकून तोही करडोबाच म्हणू लागला. तिथल्या विद्यापीठात त्याला दोन वर्षांचं संशोधनाचं काम मिळालं होतं. जैतुनाची, म्हणजे ऑलिव्हची, झाडं उभ्या उभ्या का वाळतात ते शोधायचं. झाशीत शेतकी शिकलेला एकुलता एक मुलगा आणि एकदम स्पेन! मी मानिक चौकातून पेढे आणले आणि आमच्या मराठी मंडळींच्या घरोघरी स्वतः जाऊन दिले. इथे मराठी घरं आहेतच किती? संध्याकाळच्या आत वाटून झाले.

पहिलं वर्ष सुरळीत गेलं. दर रविवारी दिवेलागणीला त्याचा फोन यायचा. तेव्हा तिकडे दुपार असायची आणि तो ताट घेऊन बसलेला असायचा. त्याच्या सरांबद्दल सांगायचा, प्रयोगशाळेतल्या एका पोर्तुगीज मुलाच्या गमती सांगायचा. फोन उभा धरून खिडकीबाहेरची पांढरी घरं दाखवायचा. ह्यांना एका कानाने कमी ऐकू येतं, म्हणून हे फोनपाशी तोंड नेऊन ओरडायचे, “जेवलास का?” आणि समोर ताट दिसत असूनही तो मान डोलवायचा.

दुसऱ्या वर्षी गणपती झाले आणि काहीतरी बदललं. काय ते मला पहिल्यांदा कळलंच नाही. चेहरा दिसणं बंद झालं. “आई, नेट कमी आहे, नुसतं बोलूया.” सरांचं नाव निघेना. मी विचारलं तर “ठीक आहेत” एवढंच. एकदा बोलता बोलता मागून कोंबडा आरवला. मी म्हटलं, “विद्यापीठात कोंबडा?” तो म्हणाला, “शेजाऱ्यांचा आहे.” आणि एकदा, ज्याने आयुष्यात स्वयंपाकघरात पाण्याचा पेला विसळला नाही त्या मुलाने विचारलं, “आई, कैरीच्या लोणच्याला मीठ किती घालतेस? आणि मोहरी भाजायची की कच्ची?”

“कोणासाठी?” मी विचारलं.

“असंच. कोणासाठी म्हणजे?”

मी मीठ सांगितलं, मोहरी सांगितली, आणि रात्रभर विचार करत पडले की तिकडे ही मोहरी कोण भाजणार आहे.

मी संशयी आहे हे मी नाकारत नाही. आमच्या सासरी तर तो गुण घरात मुरलेला आहे. सासरे सांगायचे, सत्तावनच्या गदरात इंग्रजांनी शहर परत घेतलं तेव्हा तोंडातून मराठी शब्द निघाला तरी माणसाची चौकशी व्हायची. त्यामुळे रस्त्यात हिंदी बोलायचं, मराठी चुलीपाशी. आणि प्रवासाला निघालं की जायचं गाव कधी खरं सांगायचं नाही. ग्वाल्हेरला जाणारा दतियाला जातो म्हणायचा. गोरे गेले, सगळे गेले, पण माझ्या लग्नानंतरही कितीतरी वर्षं आमच्याकडे कोणी “कुठे निघालात?” विचारलं की “इथेच, जरा जाऊन येतो” हेच उत्तर असायचं. त्यात मी मुलींच्या शाळेत गणित शिकवलेलं. शेजारी शेजारी बसलेल्या दोघींची एकसारखी चूक पकडायची तर समोर बोलून चालत नाही. गप्प राहायचं, दुसरं गणित घालायचं आणि बघत बसायचं.

त्या दिवाळीत मी नवा फोन घेतला. इलाइट चौराह्यावर ज्यांच्या दुकानातून आम्ही सगळ्या वस्तू घेतो ते गृहस्थ ओळखीचे. त्यांनी जुन्या फोनातलं सगळं नव्यात आणून दिलं आणि म्हणाले, “भैया कहाँ रहते हैं, आंटी जी? उनके शहर का मौसम भी लगा देते हैं. घर बैठे दिखेगा.” मी गावाचं नाव सांगितलं. त्यांनी बोटाने दोनदा टकटक केलं, आणि फोन उघडला की दोन चौकोन दिसू लागले. एकात झाशी, एकात कोर्दोबा. गावाचं नाव, तिथली वेळ, सूर्य नाहीतर ढग, आणि किती गरम. मला फार आवडलं ते. चहा गॅसवर ठेवला की मी आधी करडोबाचं दर्शन घ्यायचे.

डिसेंबरात झाशीत धुकं उतरलं. गच्चीवरचे कपडे दोन दोन दिवस वाळेनात. एका रविवारी फोन आला तेव्हा मी शाल गुंडाळून बसले होते. सहज विचारलं, “तुमच्याकडे कशी आहे रे थंडी?”

“विचारू नको आई. बोटं वाकत नाहीत सकाळी. तू दिलेल्या स्वेटरवर आणखी एक घालतो.”

फोन ठेवल्यावर मी चौकोन पाहिला. कोर्दोबा, चौतीस अंश. लखलखीत सूर्य.

आधी वाटलं, आईला बरं वाटावं म्हणून स्वेटरचं बोलला असेल. पण मग माझं लक्ष वेळेकडे गेलं. तो आत्ताच म्हणाला होता, जेवायला बसलोय. चौकोनात सकाळचे दहा वाजले होते. सकाळी दहाला कोण जेवतं? दोन वाजता जेवतात हे त्यानेच सांगितलेलं. तिकडची वेळ आपल्या किती मागे हेसुद्धा त्यानेच सांगितलेलं. मी शाल आवळून घेतली आणि मोजून पाहिलं की कोर्दोबाबद्दल आम्हाला जे जे माहीत होतं ते सगळं त्याच्याच तोंडून आलेलं होतं.

ह्यांना सांगितलं. हे वर्तमानपत्र वाचत होते. “अहो, फोनमध्ये तिकडे भर उन्हाळा दाखवतोय, आणि हा म्हणतो बोटं वाकत नाहीत.”

“फोन खोटा असेल,” हे म्हणाले.

“झाशीचं तर बरोबर दाखवतो.”

“मग बिघडला असेल अर्धा.” वर्तमानपत्र किंचित वर गेलं. “अगं, यंत्रावर विश्वास ठेवायचा की पोटच्या पोरावर? तुझा स्वभावच तसला. पूर्वी मी रेल्वेच्या वर्कशॉपमधून उशिरा आलो तरी तू डब्याचा वास घ्यायचीस.”

पण शाळेतली सवय जाते थोडीच. पुढच्या रविवारपासून मी गणितं घालायला लागले. आधी चौकोन बघून ठेवायचा, मग काहीच माहीत नसल्यासारखं विचारायचं.

चौकोनात वीज चमकताना आणि ढग गडगडताना दिसले की मी म्हणायचे, “आमच्याकडे आभाळ आलंय बाई. तुमच्याकडे काही पाऊसबिऊस?”

“नाही गं, कोरडं आहे. पावसाची वाट बघतायत लोक.”

चौकोनात तेहतीस अंश असताना मी म्हणायचे, “पंखा लागतो का रे रात्री?”

“पंखा? आई, इथे शेकोटी करून बसतो आम्ही.”

आम्ही! मी तो शब्द पदराला गाठ मारून ठेवला. आम्ही म्हणजे कोण? आणि विद्यापीठातले लोक शेकोटी करून कधीपासून बसायला लागले?

प्रत्येक रविवारी तो माझ्या गणितात नापास होत होता आणि मी एक शब्दही बोलत नव्हते. दिवसा काम करताना मनात एकेक चित्र तयार व्हायचं. कधी वाटायचं, त्याने तिकडे लग्न केलंय आणि ती लोणचं घालते. कधी वाटायचं, तो आजारी आहे, कुठल्यातरी दवाखान्यात आहे, म्हणून चेहरा दाखवत नाही. सर्वांत वाईट विचार भांडी घासताना यायचा की तो कोणाच्या तरी तावडीत सापडलाय आणि कोणीतरी शेजारी उभं राहून त्याच्याकडून हे वदवून घेतंय. वर्तमानपत्रात येतंच की असलं काही ना काही.

संक्रांतीला आमच्यातल्या एका घरी हळदीकुंकू होतं. मी तिळगूळ घेऊन बसते न बसते तोच शेजारच्या बाईंनी विचारलं, “चिरंजीव काय म्हणतायत? आता व्हिडिओवर नाही दाखवत तुम्ही. पूर्वी घरंबिरं दाखवायचात.”

“नेट कमी आहे तिकडे.”

“स्पेनमध्ये?” त्या म्हणाल्या. “आमच्या भाच्याचं तर तिकडून इतकं स्वच्छ दिसतं की दात मोजावेत.” आणि त्यांनी दुसऱ्या बाईंकडे पाहिलं. पाहिलं म्हणजे नुसतंच पाहिलं असेल. पण मला वाटलं, ह्यांना काहीतरी माहीत आहे. त्या भाच्याने सांगितलं असेल. आपल्या आधी सगळ्या झाशीला कळलेलं असेल आणि आपण एकट्याच इथे वाण लुटत बसलोय. मी हलव्याची वाटी तशीच ठेवून उठले.

घरी आले तर हे दारात उभे राहून फोनवर बोलत होते. मला बघून म्हणाले, “बरं, ठेवतो,” आणि फोन खिशात टाकला.

“कोण होतं?”

“वर्कशॉपमधला जुना माणूस.”

त्यावेळी मी पुढे विचारलं नाही. डोक्यात संशयाचं एवढं मोठं पीक उभं असताना बांधावरचं एक रोप दिसलं नाही म्हणा.

मग तो रविवार आला. सकाळपासून चौकोनात पाऊस होता, चांगला मुसळधार, थेंब पडताना दिसत होते. मी ठरवून टाकलं होतं. दिवा लावला, हात जोडले, आणि फोन वाजला.

“आई, काय करतेस?”

“दिवा लावला. पाऊस आहे का रे तुमच्याकडे?”

“नाही. छान ऊन पडलंय आज बऱ्याच दिवसांनी. अंगणात बसलोय.”

“हे बघ,” मी म्हटलं, “मला आता फसवू नकोस. तू कोर्दोबात नाहीस. मला माहीत आहे.”

पलीकडे कुत्रं भुंकत होतं ते तेवढं ऐकू येत राहिलं. मला वाटत होतं तो हसेल, चिडेल, ‘काय वेड्यासारखं बोलतेस’ म्हणेल. खरं सांगायचं तर तसं म्हणावं म्हणून मी मनातल्या मनात देवाला आळवत होते.

तो म्हणाला, “बाबांनी सांगितलं ना?”

मी वळून पाहिलं. हे पलंगावर बसून मटार सोलत होते. फोनचा आवाज मोठा ठेवलेला असतो आमच्याकडे, ह्यांच्यासाठी. ह्यांनी ऐकलं होतं. सोललेले दाणे एका हातात आणि टरफल दुसऱ्या हातात घेऊन हे तसेच थांबले होते आणि माझ्याकडे बघतच नव्हते.

“कोणी सांगितलं ते राहू दे,” मी म्हटलं. “तू सांग. तू कुठे आहेस?”

“सांताक्रूझला.”

“मुंबईत?” मी किंचाळलेच. “तू मुंबईत आहेस? सगळा वेळ मुंबईत होतास?”

“नाही, नाही! आई, ऐक ना. इथलं सांताक्रूझ. कोर्दोबा शहराच्या बाहेर, शेतांमध्ये छोटं गाव आहे. मी स्पेनमध्येच आहे. कसम से.”

मुलाच्या शपथेवर विश्वास ठेवायची माझी स्थिती नव्हती. सांताक्रूझ म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर माझ्या मावसबहिणीचं घर आणि त्यावरून जाणारी विमानं आली होती. मी म्हटलं, “व्हिडिओ लाव. आत्ताच्या आत्ता लाव.”

थोडा वेळ काळोख झाला आणि मग तो दिसला. वाळला होता. दाढी वाढली होती. गळ्याला मफलर होता आणि अंगात मी विणलेला निळा स्वेटर, कोपरावर उसवलेला. त्याने न सांगताच फोन फिरवला. लांबवर ओळीने लावलेली करडी-हिरवी बुटकी झाडं, तांबूस माती, एक कोंबड्यांचं खुराडं, आणि अंगणात खुर्चीवर उन्हात बसलेलं एक म्हातारं जोडपं. म्हातारीने हात हलवला आणि काहीतरी म्हणाली. मी नमस्कार केला. तो म्हणाला, “ती म्हणते, तुझ्या रीतीने जैतुनाचं लोणचं घातलं की मीठ जास्त पडतं.”

मला हसू आलं नाही. मी म्हटलं, “सांग.”

त्याने सांगितलं. वर्ष संपताना कामाचा आढावा झाला होता आणि त्याचं काम पुढे न्यायचं नाही असं ठरलं. सर वाईट नव्हते, त्यांनीच बोलावून हळूच सांगितलं. पोर्तुगीज मुलाचं काम राहिलं, ह्याचं गेलं. तो आठवडाभर खोलीत पडून होता. मग ज्या शेतावर तो पानं गोळा करायला जायचा तिथल्या म्हाताऱ्याने विचारलं, काढणीला माणूस पाहिजे, येतोस का? तो गेला. कागदपत्रं सगळी नीट करून घेतली होती, लपूनछपून नव्हता. सगळा हंगाम त्याने झाडं झोडपून फळं पाडली आणि जाळ्यात गोळा केली. आता छाटणी चालली होती. म्हाताऱ्याला मूल नव्हतं. तो ह्याला आणखी राहा म्हणत होता आणि ह्याची तिथून निघायची इच्छा नव्हती.

“मला का नाही सांगितलंस?”

“तू पेढे वाटले होतेस, आई.”

एवढंच म्हणाला. रागाने नाही म्हणाला. मग त्यानेच आणखी म्हटलं, “मी म्हटलं, काहीतरी दुसरं मिळालं की मग सांगू. मग ते राहूनच गेलं. बाबांना दसऱ्याला सांगितलं. त्यांना बोललो, आईला सांगू नका म्हणून.”

फोन ठेवल्यावर घरात जे झालं ते भांडण नव्हतं. भांडणाला दोघं लागतात. मी बोलत होते आणि हे मटार सोलत होते.

“दसऱ्यापासून?” मी म्हटलं. “मी तुम्हाला चौकोन दाखवला तेव्हाही तुम्हाला माहीत होतं?”

“होतं.”

“आणि यंत्रावर विश्वास ठेवायचा की पोरावर, हे कोण म्हणालं?”

“मी.”

“दारात उभे राहून बोलत होतात तो वर्कशॉपमधला जुना माणूस...”

“आपला पोरगाच होता,” हे म्हणाले. मग पुढची शेंग उचलून, “तुला सांगितलं असतं तर तू झोपली नसतीस.”

“मी तशीही झोपले नाही.”

ह्यांना तेही माहीत होतं. शेजारीच तर झोपतात. मला मुलाचा राग चार दिवसही पुरला नाही, पण ह्यांचा राग होळीपर्यंत टिकला. इतकी वर्षं ज्या माणसाच्या डब्याचा वास घेतला त्याने माझ्याच पलंगावर बसून एवढी मोठी गोष्ट गिळून टाकली आणि मला वास आला नाही. त्याचं मला जास्त लागलं. मी स्वयंपाक करायचे, वाढायचे, पण बोलायचे ते फक्त कामापुरतं आणि हिंदीत. आमच्याकडे कोणी परकं असलं की आम्ही हिंदी बोलतो. ह्यांना ते बरोबर समजलं होतं.

मुलाने दोन-तीनदा विचारलं, “पण बाबा तर सांगितलं नाही म्हणतात, मग तुला कळलं कसं?” मी म्हटलं, “आईला कळतं.” मनातून मला थोडा अभिमानच वाटत होता. मी पुरावे गोळा केले होते, एकेक रविवार जोडला होता आणि गणित सोडवलं होतं.

होळीच्या सुमारास फोनची काच तडकली म्हणून मी इलाइटला त्याच दुकानात गेले. काच बदलून होईपर्यंत बाकावर बसले. निघताना आठवण झाली, म्हटलं, “भैया, वो कोर्दोबा हटाकर सांताक्रूझ लगा दीजिए. बेटा अब वहाँ रहता है.”

त्यांनी फोन हातात घेतला, बोट फिरवलं आणि थांबले. “आंटी जी, भैया तो स्पेन में थे ना?”

“हैं.”

“ये तो अर्जेंटीना वाला लगा हुआ है.”

मला कळलंच नाही. त्यांनी फोन माझ्याकडे वळवला. चौकोनावर दाबून धरलं तर नावाखाली बारीक अक्षरांत देशाचं नाव होतं. इतके महिने मी रोज सकाळी चहाच्या आधी जे बघत होते ते दक्षिण अमेरिकेतलं गाव होतं. त्यांनी पुन्हा नाव टाईप करून दाखवलं. एकाखाली एक कोर्दोबा उतरले. स्पेनमधलं, अर्जेंटिनामधलं, मेक्सिकोमधलं. “मुझसे ही गलत वाला दब गया होगा,” ते ओशाळून म्हणाले. “एक ही नाम के इतने हैं, किसको मालूम.”

मग त्यांनी सांताक्रूझ टाईप केलं आणि यादी संपेचना. बोलिव्हिया, कॅलिफोर्निया, एका बेटावरचं, फिलिपिन्समधलं, मधेच आपलं मुंबईचं. “कौन सा लगाऊँ?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, “रहने दीजिए,” आणि पुन्हा बाकावर बसले.

भर चौराह्यात गाड्या, टमटम, भोंगे चाललेले, आणि मी बाकावर बसून एकेक रविवार उलटा उलगडत होते. पृथ्वीच्या खालच्या अर्ध्या भागात डिसेंबरात उन्हाळा असतो हे मी शिकलेली, शाळेत भूगोल शिकवणाऱ्यांच्या शेजारी बसलेली बाई. बोटं वाकत नाहीत असं तो म्हणाला ते खरं होतं. शेकोटी खरी होती. दुपारचं जेवण खरं होतं, पाऊस नव्हता हेही खरं होतं. ज्या ज्या वाक्यावर मी त्याला खोटा ठरवला ते प्रत्येक वाक्य त्याने खरं सांगितलेलं होतं. आणि जिथे तो खोटं बोलत होता तिथे माझ्याकडे रेघभरही पुरावा नव्हता. वर्गात एखाद्या मुलीचं उत्तर बरोबर आणि रीत सगळी चुकलेली असली तर मी तिला शून्य द्यायचे. ती रडायची, “मॅडम, उत्तर तो सही है ना,” म्हणायची, आणि मी ऐकायचे नाही.

घरी आले. हे अंगणात कुंडीला पाणी घालत होते. मला कोणाला तरी सांगितल्याशिवाय राहवेना आणि सांगायला घरात दुसरं होतंच कोण? मी मराठीत सांगितलं. सगळं सांगितलं, अर्जेंटिना, मेक्सिको, बोलिव्हिया.

ह्यांनी एक कान पुढे करून नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, “आपल्याकडे रामपूर नाहीत का किती तरी? माझ्या बदलीचा हुकूम आला होता तेव्हा मी चुकीच्या रामपुराचं तिकीट काढलं होतं.”

“हे मला कधी सांगितलं नाहीत.”

“तू हसली असतीस.”

आणि मी हसले, तिथेच, हातात पिशवी घेऊन उभ्या उभ्या. हेही हसले. पाणी कुंडीबाहेर जात राहिलं. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर मला पुन्हा वाटलं, रामपूरचं आत्ता सांगितलं. अजून काय काय असेल? ते मी विचारलं नाही. विचारून माणूस सांगत नाही, हे एव्हाना मला कळलं होतं.

मुलगा पुढच्या वर्षी, काढणी आटोपल्यावर, महिनाभर आला. स्टेशनवर मी त्याचा हात हातात घेतला तर तळवा खरखरीत लागला, माझ्या वडिलांच्या हातासारखा. दुसऱ्याच दिवशी त्याने आमच्या अंगणातल्या लिंबाच्या फांद्या कापून टाकल्या. मी ओरडले, तर म्हणाला, “आई, ऊन आत जाऊ दे.” संध्याकाळी आम्ही दोघं लक्ष्मी तालावर, तळ्याकाठच्या देवीच्या दर्शनाला गेलो. वाटेत त्याने म्हाताऱ्याबद्दल सांगितलं, म्हातारीच्या गुडघ्यांबद्दल सांगितलं, आणि कोण्या मुलीबद्दल काहीच सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. तो चालत होता तसा पूर्वी चालत नसे. पाय जमिनीवर सबंध ठेवून चालत होता. मला ते आवडलं आणि आवडल्याचं जरा वाईटही वाटलं.

त्याच आठवड्यात आमच्यातल्या एका घरी मुंज होती. सगळी मंडळी जमली होती. मी घरातून निघतानाच त्याला सांगितलं होतं, “जे आहे ते सांग. मला कसली लाज नाही.” पंगतीआधी एक निवृत्त अधिकारी, आमच्या समाजात सगळ्यांचे काका, त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “काय मग, साइंटिस्ट जी! तिकडे नक्की काय चाललंय?”

“शेतावर काम करतो, काका,” तो म्हणाला. “झाडं छाटतो. हिवाळ्यात फळं झोडपतो.”

काका हसले. “म्हणजे रिसर्च.”

“नाही काका. रिसर्च बंद झाला. शेतकऱ्याकडे आहे.”

काकांनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, “खरं आहे. शेतीच करतो.”

त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू एक जाणता भाव आला. त्यांनी आवाज खाली आणला. “समझ गए,” ते म्हणाले. “परदेशात काही कामं असतात, सांगता येत नाहीत. नको सांगूस, बेटा. आम्ही नाही विचारणार.” आणि त्याची पाठ थोपटून ते पुढे गेले. जेवणाच्या रांगेत मी त्यांच्या मागेच उभी होते. ते बायकोला सांगत होते, “काहीतरी लपवतायत हं ही माणसं. आईलासुद्धा शिकवून आणलंय.”